अक्षता पडल्या की चित्र थिजतं: ब्लू-रेसाठी एन्कोडिंग करताना काय तपासावं

मिरजेहून आत्याचा फोन आला. "अरे, मंगलाष्टकं सगळी नीट चालतात. पण शेवटचं ‘सावधान’ म्हटलं की चित्र थिजतं. वाजंत्री ऐकू येते, पण अंतरपाट बाजूला होताना दिसतच नाही. परत चालू होतं तेव्हा दोघांच्या गळ्यात हार पडलेले असतात. मला तेवढंच बघायचंय रे."

तीच डिस्क मी माझ्याकडच्या प्लेअरवर लावली. कुठेही अडखळली नाही. कॉम्प्युटरवरही अगदी सुरळीत चालली. याआधी दुसऱ्या दोन घरांतून अशीच तक्रार आली होती, तेव्हा मी "प्लेअरची लेन्स साफ करून घ्या" असं सांगून मोकळा झालो होतो. ते चुकलं होतं. त्यांचे प्लेअर ठीक होते, डिस्कही नीट बर्न झाली होती. दोष माझ्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्यात होता. लग्न, मुंज, सहस्रचंद्रदर्शन अशा घरच्या कार्यांच्या ब्लू-रे करणाऱ्या कुणालाही हा त्रास होऊ शकतो, म्हणून तो कसा सापडला आणि कसा सुटला ते सगळं लिहितो.

अडकण्याची जागा आधी लिहून घ्या

आत्याला म्हटलं, डिस्क तीनदा लाव आणि चित्र थिजेल तेव्हा पडद्यावरची वेळ कागदावर लिही. तिन्ही वेळा एकच आकडा आला: १ तास ४२ मिनिटं १७ सेकंद.

या एका आकड्याने अर्धं काम होतं. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल तर संशय डिस्कवर, बर्न करण्याच्या वेगावर, ओरखड्यावर किंवा लेन्सवर घ्यावा. दर वेळी तंतोतंत त्याच सेकंदाला अडकत असेल तर त्या सेकंदाच्या चित्रातच काहीतरी आहे. खात्रीसाठी मी तीच फाइल दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या डिस्कवर सावकाश वेगाने बर्न करून पाठवली. पुन्हा १:४२:१७.

मग मला वाटलं की बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारे बिट) जास्त झाला असेल. सरासरी १६,००० किलोबिटची होती, ती १२,००० वर आणून पुन्हा एन्कोड केलं. या वेळी आत्याने कळवलेला आकडा होता १:४२:२१. अडकणं गेलं नव्हतं, साडेतीन-चार सेकंद पुढे सरकलं होतं. तेव्हा याचा अर्थ मला लागला नाही. पण सगळ्या तपासात याहून मोलाची खूण दुसरी नव्हती, ते पुढे कळेल.

अक्षतांचं चित्र एन्कोडरला एवढं जड का जातं

१:४२:१७ ला काय आहे ते मी एकेक फ्रेम पुढे नेत पाहिलं. भटजींचं शेवटचं ‘सावधान’, अंतरपाट खाली येतोय, चारी बाजूंनी अक्षता उडताहेत, वाजंत्री सुरू झाली आहे आणि दोन फोटोग्राफरांचे फ्लॅश एकामागोमाग लखलखताहेत.

व्हिडिओ लहान होतो तो एका गोष्टीच्या जोरावर: पुढची फ्रेम बहुतेक मागच्या फ्रेमसारखीच असते. भटजी मंत्र म्हणत बसलेले असतात तेव्हा ओठ आणि हात सोडले तर काहीच बदलत नाही, म्हणून एन्कोडर "बाकी सगळं मागच्यासारखंच" एवढी नोंद करून पुढे जातो. उडत्या तांदळाच्या बाबतीत हे जमत नाही. शेकडो बारीक, चमकदार दाणे आणि प्रत्येकाची दिशा वेगळी. मागच्या फ्रेममध्ये त्यांचा जोडीदार शोधून सापडत नाही. त्यात फ्लॅश उडाला की ती एक फ्रेम आधीच्या आणि नंतरच्या दोन्हींपेक्षा कितीतरी उजळ होते, म्हणजे तीही जवळजवळ नव्याने लिहावी लागते. दोन्ही एकदम घडतात ते लग्नाच्या नेमक्या मुहूर्ताला. सगळ्या घराला जो क्षण बघायचा असतो, तोच एन्कोडरला सर्वात महाग पडतो.

हे मोजता येतं. एफएफप्रोब या फाइल तपासणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक फ्रेमच्या पॅकेटचा आकार काढा, तक्त्यात घाला आणि सलग २५ फ्रेमची बेरीज करत चला. माझ्या पहिल्या फाइलमध्ये त्या जागी एका सेकंदात सुमारे ७७ लाख ५० हजार बाइट होते. आठाने गुणलं की सेकंदाला ६२,००० किलोबिट. सरासरी १६,००० च्या फाइलमध्ये! सरासरी हा आकडा डिस्कमध्ये किती वेळाचं चित्र मावेल एवढंच सांगतो. प्लेअरला ते झेपेल का, हे त्यावरून कळत नाही.

नळ आणि टाकी

ब्लू-रेच्या नियमाप्रमाणे व्हिडिओचा वेग सेकंदाला ४०,००० किलोबिटच्या वर जाता कामा नये, आणि एच.२६४ साठी (मी वापरतो तो व्हिडिओचा प्रकार) हिशोबात धरायचा बफर आहे ३०,००० किलोबिटचा. घरातल्या टाकीसारखं बघा. नळाची धार ४०,०००, टाकीत मावतात ३०,०००. प्रत्येक फ्रेम दाखवताना तिच्या आकाराएवढं पाणी टाकीतून उपसलं जातं. साध्या दृश्यात उपसा कमी, टाकी भरलेली राहते. अक्षता पडू लागल्या की उपसा ६२,००० वर जातो. नळ ४०,००० देतोय, म्हणजे दर सेकंदाला २२,००० ची तूट. ३०,००० ची भरलेली टाकी जेमतेम १.४ सेकंदात कोरडी. पुढची फ्रेम वेळेवर मिळत नाही आणि चित्र थिजतं.

आता त्या दुसऱ्या डिस्ककडे वळू. सरासरी १२,००० वर आणली तेव्हा त्या जागचा उसळा ४६,००० वर आला होता. तूट सेकंदाला ६,०००. टाकी रिकामी व्हायला ५ सेकंद लागले. १.४ च्या जागी ५, म्हणून अडकण्याची जागा साडेतीन-चार सेकंद पुढे सरकली. आत्याने कागदावर लिहिलेले दोन आकडे आणि हा हिशोब एकमेकांशी जुळले, तेव्हा दुखणं हेच, याबद्दल मला शंका उरली नाही.

माझ्याकडे ती डिस्क चालत होती ती माझ्या प्लेअरची टाकी नियमापेक्षा मोठी असावी म्हणून. कॉम्प्युटरचं तर विचारूच नका, त्याच्याकडे मेमरीचा तलाव असतो. म्हणून कॉम्प्युटरवर डिस्क चालते यावरून ती चांगली आहे असं धरून चालू नका. डिस्क ज्या घरी जायची आहे तिथला प्लेअर नियमातली किमान टाकी घेऊन बसलाय, असं समजूनच काम करायचं.

मी ‘ब्लूरे-कॉम्पॅट’ दिलं होतं, तरीही?

हो, दिलं होतं. मी एन्कोडिंगसाठी एक्स२६४ हा फुकट प्रोग्राम वापरतो, आणि ‘ब्लूरे-कॉम्पॅट’ हा त्यातला ब्लू-रेसाठीचा पर्याय. २०१० मध्ये त्यात ब्लू-रेला चालणारा व्हिडिओ बनवण्याची सोय आली, आणि तोवर महागड्या व्यावसायिक एन्कोडरशिवाय न होणारं हे काम कुणालाही फुकट करता येऊ लागलं. माझ्यासारख्या घरी बसून काम करणाऱ्यांवर त्या मंडळींचे फार उपकार आहेत.

पण ‘ब्लूरे-कॉम्पॅट’ हा पर्याय नेमकं काय करतो ते नीट समजून घ्यायला हवं. तो सलग बी-फ्रेम (मागच्या-पुढच्या दोन्ही फ्रेमवरून बेतलेल्या) ३ पेक्षा जास्त होऊ देत नाही. रेफरन्स फ्रेम (‘रेफ’, म्हणजे जोडीदार शोधायला साठवून ठेवलेल्या फ्रेम) ६ वर रोखतो. बी-पिरॅमिड (बी-फ्रेमवर दुसऱ्या बी-फ्रेम बेतणं) ‘स्ट्रिक्ट’च्या पुढे जाऊ देत नाही. वेटेड प्रेडिक्शन (उजेड बदलला तरी मागच्या फ्रेमवरून अंदाज बांधणं) साध्या प्रकारावर ठेवतो, कारण पुढचा प्रकार नीट न हाताळणारे प्लेअर बाजारात पुष्कळ आहेत. प्रत्येक फ्रेमआधी लागणारी खूण घालतो आणि बफरची माहिती प्रवाहात, म्हणजे एन्कोड झालेल्या व्हिडिओतच, लिहायला सांगतो. एवढंच. कमाल वेग, टाकीचा आकार, लेव्हल (व्हिडिओ किती जड असू शकतो याचा एच.२६४ मधला दर्जा), स्लाइस (फ्रेमचे तुकडे) आणि कीफ्रेममधलं अंतर (‘कीइंट’; कीफ्रेम म्हणजे मागच्या फ्रेमचा आधार न घेता पूर्ण लिहिलेली फ्रेम) या पाच गोष्टी तुम्हालाच द्याव्या लागतात.

मी कमाल वेग आणि टाकी दिलीच नव्हती. एक्स२६४ ने तसा इशाराही दिला होता: एनएएल एचआरडी (प्रवाहात लिहायची ती बफरची माहिती) साठी व्हीबीव्हीचे आकडे (कमाल वेग आणि टाकी) लागतात. ती ओळ एन्कोडिंगच्या सुरुवातीला येते आणि टक्केवारीच्या ओळींखाली निघून जाते. ती माझ्या नजरेतून सुटली होती. आता मी प्रत्येक एन्कोडिंगचा लॉग फाइलमध्ये साठवतो आणि त्यात इशारे शोधतो. एक जरी इशारा दिसला तरी डिस्क बनवत नाही.

लेव्हलबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘लेव्हल ४.१ दिली की ब्लू-रे झाली’ असं मी कित्येकांकडून ऐकलंय, मीही तसंच समजत होतो. हाय प्रोफाइलमध्ये (ब्लू-रेला वापरतात तो एच.२६४ चा प्रकार) लेव्हल ४.१ ची स्वतःची मर्यादा सेकंदाला ६२,५०० किलोबिट आहे. म्हणजे माझा ६२,००० चा उसळा लेव्हलच्या नियमात चपखल बसत होता. ब्लू-रेने त्यातले ४०,०००च घेतलेत. लेव्हलचा शिक्का खरा होता आणि डिस्क तरीही ब्लू-रेच्या नियमाबाहेर होती.

याच्याच जोडीला दुसरी चूक होते. टीएसमक्सरमध्ये (व्हिडिओ आणि आवाज एकत्र बांधून ब्लू-रेची रचना करणारा प्रोग्राम) लेव्हल बदलण्याची सोय आहे, म्हणून काही जण ५.१ ची फाइल घेऊन तिच्यावर ४.१ लिहितात. त्याने फक्त लेबल बदलतं. पोत्यावर पंचवीस किलो लिहिलं म्हणून आतले पन्नास किलो कमी होत नाहीत. फाइल पुन्हा एन्कोड करण्यावाचून इलाज नाही.

मी आता वापरतो त्या सेटिंग

पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय. प्रोग्रामच्या मदतपानावर ती त्यावरून ओळखू येतील. हे १०८० ओळींच्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओसाठी आहे, दोन पासमध्ये (आधी एकदा मोजमाप, मग प्रत्यक्ष एन्कोडिंग):

--बिटरेट १६००० --प्रीसेट स्लोअर --ट्यून फिल्म --ब्लूरे-कॉम्पॅट --व्हीबीव्ही-मॅक्सरेट ४०००० --व्हीबीव्ही-बफसाइझ ३०००० --लेव्हल ४.१ --स्लाइसेस ४ --रेफ ४ --कीइंट २५ --ओपन-गॉप --फेक-इंटरलेस्ड --कलरप्रिम बीटी७०९ --ट्रान्सफर बीटी७०९ --कलरमॅट्रिक्स बीटी७०९ --एसएआर १:१

जुन्या प्लेअरसाठी डिस्क करायची असेल तर मॅक्सरेट मी ३५,००० वर घेतो. त्याने चित्रात काही फरक दिसत नाही. अक्षता उडताना एखाद्या दाण्याची कड थोडी मऊ झाली तरी ती कुणी बघत नाही, सगळ्यांचं लक्ष नवरानवरीच्या चेहऱ्यावर असतं. चेहऱ्यासाठी ३५,००० पुष्कळ आहेत.

१६,००० कुठून आले? एका थराच्या डिस्कवर २५ जीबी मावतात. थोडी जागा सोडून साडेतेवीस धरू. ३ तासांचे १०,८०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला सुमारे १७,४०० किलोबिट येतात. त्यातून आवाज आणि पॅकेटचा वरखर्च वजा केला की व्हिडिओला १६,००० च्या आसपास उरतात. कार्य दोन तासांचं असेल तर जास्त द्या.

स्लाइसेस ४ यासाठी, की लेव्हल ४.१ वर प्रत्येक फ्रेम निदान चार तुकड्यांत एन्कोड केलेली असावी असा ब्लू-रेचा नियम आहे. रेफ ४ चा हिशोब असा: १०८० ची फ्रेम प्रत्यक्षात १०८८ ओळींची म्हणून एन्कोड होते, तिच्यात १६ बाय १६ चे ८,१६० चौकोन असतात. लेव्हल ४.१ मध्ये साठवणीला ३२,७६८ चौकोनांची जागा आहे. भाग घातला की चारच फ्रेम मावतात. इंटरनेटवरून उचललेल्या प्रीसेटमध्ये रेफ १६ लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका.

नव्या सेटिंगची डिस्क आत्याला पाठवली. चार दिवसांनी फोन आला. ती एवढंच म्हणाली, "दिसला रे अंतरपाट. तुझ्या बापाचे डोळे भरून आलेले पण दिसले." मला ते एडिट करताना दिसलं नव्हतं.

पंचवीस फ्रेमची अडचण, जी आपल्याकडे हमखास येते

यावर थोडं थांबायलाच हवं, कारण परदेशी मार्गदर्शनात ही गोष्ट बहुतेक वेळा निसटते. आपली वीज ५० हर्ट्झची. कार्यालयातल्या ट्यूबा आणि एलईडी दिवे त्याच तालावर लुकलुकतात, म्हणून आपल्याकडे लग्न शूट करणारे बहुतेक सगळे सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम घेतात. दूरदर्शनच्या काळापासून आपला हिशोब पंचवीसचाच. आणि ब्लू-रेच्या यादीत १०८० ओळींचे सलग (प्रोग्रेसिव्ह, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकदम पूर्ण) २५ फ्रेम नाहीतच! १०८० मध्ये सलग फ्रेम चालतात त्या २३.९७६ किंवा २४ च्या. २५ हवे असतील तर ते इंटरलेस्ड, म्हणजे एका फ्रेमचे दोन अर्धे, असेच चालतात. ७२० ओळींमध्ये २३.९७६, २४, ५० आणि ५९.९४ आहेत, तिथेही २५ नाहीत.

नुसते २५ दिले तर काही प्लेअर दाखवतात, काही काळा पडदा देतात, काही झटके देत चालतात. म्हणूनच वर ‘फेक-इंटरलेस्ड’ घातलंय. त्याने चित्र सलगच एन्कोड होतं, पण प्रवाहावर इंटरलेस्ड असल्याची खूण बसते. प्लेअर समाधानी होतो आणि चित्राचा एक कणही वाया जात नाही.

काही जण यावर उपाय म्हणून २५ चं २४ करतात. कृपा करून लग्नाच्या व्हिडिओला हे करू नका. सगळं चार टक्क्यांनी संथ होतं आणि आवाजही तसाच ओढला तर सनईचा सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वराने उतरतो, म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या पट्टीच्या जवळ जातो. ज्यांना कान आहेत त्यांना ते पहिल्या मिनिटात खटकतं.

कॅमेऱ्यातून ५० फ्रेम आल्या असतील तर दोन वाटा आहेत. एक, ७२० ओळींवर आणून ५० च्या ५० ठेवायच्या. त्यासाठी कीइंट ५० आणि फेक-इंटरलेस्ड काढून टाकायचं. दुसरी, १०८० वर ठेवून खरोखर इंटरलेस्ड करायचं आणि ‘टीएफएफ’ (वरचा अर्धा आधी) हा पर्याय द्यायचा. वरातीतलं लेझीम, ढोल, नाच असेल तर मी डोळे मिटून पहिली वाट घेतो. १०८० ची बारीक नक्षी गेली तरी हालचाल लोण्यासारखी राहते. फक्त विधींचा व्हिडिओ असेल तर २५ पुरतात.

मोबाइलवर घेतलेले तुकडे मिसळताना जपून. मोबाइलमध्ये फ्रेमचा वेग बहुधा कमीजास्त होत राहतो. टाइमलाइनवर घेण्याआधी तो २५ वर स्थिर करून घ्या, नाहीतर पुढे आवाज आणि ओठ यांची फारकत होते आणि दोष डिस्कवर येतो.

बाकीची दुखणी, थोडक्यात

आवाज येतो पण पडदा काळा: सध्या याचं सर्वात मोठं कारण नवे कॅमेरे आहेत. ते दहा बिट, ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवून घेतात. एफएफएमपेगला (फाइलचा प्रकार बदलणारा प्रोग्राम) वेगळं काही सांगितलं नाही तर तो तोच प्रकार पुढे ठेवतो. ब्लू-रेला फक्त आठ बिट, ४:२:० कळतं. म्हणून पिक्सेल फॉरमॅट ‘वाययूव्ही४२०पी’ असा स्पष्ट लिहा. तसंच एच.२६५ साध्या ब्लू-रेमध्ये नाही, ते अल्ट्रा एचडी ब्लू-रेसाठी आहे. साध्या डिस्कवर एमपेग-२, एच.२६४ आणि व्हीसी-१ हे तीनच.

पुढे-मागे करताना प्लेअर गोठतो, किंवा प्रकरण (चॅप्टर) निवडलं की भलतीकडे जातो: कीफ्रेममधलं अंतर बघा. एक्स२६४ मध्ये ते न सांगता २५० असतं, म्हणजे पंचवीसच्या वेगाने दहा सेकंद. ब्लू-रेला ते एका सेकंदाच्या आत लागतं. कमाल वेग १५,००० किंवा त्याखाली ठेवला तर दोन सेकंद चालतात.

चित्र आहे, आवाज नाही: तुमच्या व्हिडिओतला आवाज बहुधा एएसी या प्रकारात दाबलेला आहे. कॅमेरे आणि मोबाइल तोच देतात आणि ब्लू-रेमध्ये तो बसत नाही. डॉल्बी डिजिटल ४४८ किलोबिटवर करा (६४० पर्यंत चालतो), किंवा जागा असेल तर सरळ एलपीसीएम (न दाबलेला आवाज) ठेवा. नमुन्यांचा वेग ४८ किलोहर्ट्झ. गाण्यांच्या सीडीवरून घेतलेला आवाज ४४.१ चा असतो, तो बदलून घ्या.

डिस्क ओळखलीच जात नाही: यात एन्कोडिंगचा दोष नसतो. टीएसमक्सरमध्ये ‘ब्लू-रे डिस्क’ निवडलंय की नुसती एमटूटीएस फाइल बनवलीय ते बघा. बर्न करताना यूडीएफ २.५० (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी) निवडा. ‘बीडीएमव्ही’ आणि ‘सर्टिफिकेट’ हे फोल्डर डिस्कच्या मुळाशी हवेत. लग्नाच्या नावाने फोल्डर करून त्यात ते ठेवलेले मी स्वतः पाहिलेत. प्लेअर तिथवर शोधत जात नाही. कोऱ्या डिस्कमध्ये एलटीएच नावाचा स्वस्त प्रकार येतो, त्यात रंगद्रव्य सेंद्रिय असतं आणि काही जुने प्लेअर ती वाचत नाहीत. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, विकत घेतानाच बघा.

डिस्क घराबाहेर जाण्याआधी

फाइल मीडियाइन्फोमध्ये (फाइलची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडा. एक्स२६४ आपल्या सगळ्या सेटिंग प्रवाहातच लिहून ठेवतो आणि त्या तिथे एका लांब ओळीत दिसतात. त्यात ब्लूरे_कॉम्पॅट १, व्हीबीव्ही_मॅक्सरेट, व्हीबीव्ही_बफसाइझ, स्लाइसेस ४, एनएएल_एचआरडी व्हीबीआर आणि कीइंट २५ हे सहा शब्द शोधा. मॅक्सरेट दिसलाच नाही तर तिथेच थांबा. मीडियाइन्फो ‘कमाल बिटरेट’ म्हणूनही एक आकडा दाखवतो, पण तो फाइलने स्वतः जाहीर केलेला असतो, मोजलेला नसतो. मोजायचा असेल तर वर सांगितलेली २५ फ्रेमची बेरीजच करावी लागते.

चाचणीसाठी पुन्हा पुन्हा लिहिता येणारी, म्हणजे बीडी-आरई डिस्क एक घेऊन ठेवा. ती हजारेक वेळा पुसून लिहिता येते. पूर्ण तीन तास बर्न करायची गरज नाही. आधीच्या आणि नंतरच्या अर्ध्या मिनिटासह चार तुकडे काढा: मंगलाष्टकांचा शेवट, वरातीत फटाके उडतात ती जागा, फेसाळत्या कारंज्यापुढे काढलेलं जोडप्याचं शूटिंग असेल तर ते, आणि जिथे एका दृश्यातून दुसऱ्यात हळूहळू विरघळत जाणारं संक्रमण घातलंय तो भाग. हे तुकडे पूर्ण व्हिडिओच्या सेटिंगने, त्याच बिटरेटने एन्कोड केले तर फसगत होते, कारण चारही जागा जड असल्यामुळे एन्कोडर बिट त्यांच्यातच वाटून टाकतो आणि उसळे दबतात. म्हणून आधी सगळा व्हिडिओ एन्कोड करा आणि त्यातून टीएसमक्सरने तुकडे कापून घ्या. ही डिस्क घरातल्या सर्वात जुन्या प्लेअरवर लावा. माझ्याकडे आता आत्याच्याच मॉडेलचा एक जुना प्लेअर आहे, रद्दीवाल्याकडून मिळालेला. त्यावर चारही जागा पार पडल्या की मगच मी पाकिटावर नवरानवरीची नावं लिहितो.